फिट डॉक्टरांसमोर येत नाही

गेल्या अंकात आम्ही अपस्माराबद्दल, म्हणजे फिट येण्याच्या आजाराबद्दल, वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. निम्मी आजाराबद्दल होती, निम्मी खुद्द डॉक्टरांबद्दल. नाशिकला गंगापूर रोडवर गेली २१ वर्षं मोठ्या माणसांच्या अपस्मारावर उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी त्यांतली काही निवडून उत्तरं दिली आहेत. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून त्यांच्या गोष्टींतले तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मॅडम, मी बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. मला न्यूरॉलॉजिस्ट व्हायचंय. मावशी म्हणते, तोवर तुझं लग्नाचं वय निघून जाईल. खरंच इतकी वर्षं लागतात? आणि मेंदूच्या डॉक्टर असून तुम्ही फिटचेच पेशंट का बघता?
(विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : मावशीचा हिशेब चुकीचा नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडी मेडिसिनची तीन, डीएम न्यूरॉलॉजीची तीन. साडेअकरा झाली. अपस्मारासाठी वेगळी फेलोशिप केलीस तर आणखी एक. मधल्या प्रवेश परीक्षांत एखादं वर्ष जातंच, आणि सरकारी कॉलेजातून शिकलीस तर बंधपत्राची सेवा असते. म्हणजे तिशी ओलांडल्यावर दारावर पाटी लागेल. लग्नाचं म्हणशील तर माझं डीएमच्या दुसऱ्या वर्षी झालं. पाचव्या दिवशी मेंदीच्या हातांनी एका आजोबांच्या पाठीतलं पाणी काढलं. आजोबांनी आधी हात बघितले आणि मग विचारलं, ‘येतं ना गं तुला?’

(म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे म्हणून नाशिकच्या मुलांना काही सवलत मिळते का, असं विचारणारे पालक मला दर वर्षी भेटतात. मिळत नाही.)

फिटचेच पेशंट बघते असं नाही. सकाळी अर्धांगवायू, कंपवात, डोकेदुखी, सगळं असतं. दुपार मात्र फिटवाल्यांची. कारण सांगते. डीएम करताना आम्ही पक्षाघाताच्या पेशंटमागे रात्र रात्र धावायचो. तो वाचला की घरी जायचा आणि पुढे त्याचं काय झालं ते कळायचं नाही. अपस्माराचा पेशंट जात नाही. नोकरी लागली की येतो, सुटली की येतो, लग्न ठरलं की येतो. मला ते आवडलं. थोडा चोंबडेपणा अंगात लागतो या कामाला.

मोठ्यांचा दवाखाना वेगळा का, तेही सांगते. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बालरोगतज्ज्ञांकडून माझ्याकडे येतो, तेव्हा फाइल आईच्या हातात असते आणि उत्तरंही आईच देते. पहिल्याच भेटीत दहा मिनिटं मी आईला बाहेर बसवते. दार लागलं की मुलगा सांगतो की मित्रांबरोबर बाहेर गेला की गोळी खात नाही आणि बाबांना न सांगता मोटरसायकल चालवतो. माझा उपचार तिथून सुरू होतो. दुसऱ्या टोकाला साठी उलटलेले आजोबा असतात. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा फिट येते, आणि मागचं खोदून विचारलं तर अनेकदा जुना पक्षाघात सापडतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दोन महिन्यांच्या अंतराने झोपेत दोनदा फिट आली. इइजी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. तरी डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. आमचे दीर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल तर गोळ्या कशाला, डॉक्टर लोक पैसे काढतात. काय करू?
(गृहिणी, ओझर)

उत्तर : ताई, गोळ्या चालू ठेवा. कारणाशिवाय, चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट आल्या की आम्ही त्याला अपस्मार म्हणतो, रिपोर्ट काहीही असो.

इइजी म्हणजे काय ते एकदा दिरांनाच बघायला न्या. आमचा टेक्निशियन शिंप्यासारखी टेप घेतो, नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप काढतो, त्याचे दहा टक्के, वीस टक्के असे भाग पाडून पेन्सिलीने खुणा करतो आणि त्या खुणांवर पेस्ट लावून मेंदूतली वीज टिपणाऱ्या वायरी चिकटवतो. (डोक्याला तेल लावून येऊ नका, असं फोनवर दोनदा सांगितलं तरी निम्म्या बायका चोपून तेल लावून येतात. मग आमच्या मावशी शाम्पूची पुडी देतात.) माणसाच्या मेंदूतली ही वीज हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली पहिल्यांदा टिपली. यंत्रं बदलली, पण एक गोष्ट तीच आहे. आपण त्या माणसाची वीस-तीस मिनिटं बघतो, आणि त्या वीस मिनिटांत मेंदू शांत असू शकतो.

निफाडच्या उसात अर्धा तास कॅमेरा लावला आणि बिबट्या दिसला नाही, तर बिबट्या नाही असं वनखातं म्हणेल का? अपस्मार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचा पहिला इइजी नॉर्मल येतो. जागरण करून, झोपेत काढला तर सापडण्याची शक्यता वाढते.

मग निदान कशावरून करायचं? तुमच्यावरून. फिट डॉक्टरांसमोर येत नाही. २१ वर्षांत माझ्या खोलीत, माझ्यासमोर फिट आलेले पेशंट दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. ज्याला आली त्याला काही आठवत नाही. बघितलेलं असतं बायकोने, आईने, शेजारच्या बाकावरच्या मुलाने. म्हणून मी विचारत बसते : आधी काय करत होते? आवाज काढला का? मान कुठल्या बाजूला वळली? आधी एक हात की दोन्ही? डोळे उघडे की मिटलेले? डोळे घट्ट मिटलेले असतील तर मी जरा वेगळ्या दिशेने जाते. मनावरच्या ताणाने येणारे झटकेही असतात. ते नाटक नसतं, पण त्यांना या गोळ्या लागू पडत नाहीत.

गेल्या वर्षी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘हिच्या अंगात येतं.’ भगत झाला होता, वणीला नवस झाला होता. मी म्हटलं, येतं म्हणजे काय होतं? सासूबाई खुर्चीत सरसावून बसल्या आणि करून दाखवलं. आधी पोटावर हात, ‘वर काहीतरी चढतंय’ म्हणते. मग नजर थांबते. ओठ चाटते. उजव्या हाताने पदराचं टोक चिमटीत धरून चोळत राहते. दोनेक मिनिटं. मग विचारते, ‘पाणी आलं का नळाला?’ कानशिलामागच्या मेंदूतून निघणाऱ्या फिटचं इतकं बिनचूक वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. एमआरआय नंतर काढला, पण निदान त्या म्हातारीनेच केलं होतं, नाव तेवढं वेगळं दिलं होतं.

तुम्हीही पुढच्या वेळी घाबरून मोबाइल बाजूला फेकू नका. मिस्टरांना कुशीवर करा आणि व्हिडिओ काढा. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ मला इइजीपेक्षा जास्त सांगतो.

प्रश्न : बाई, थेट विचारतो. तुमच्याकडून निदान चुकलं आहे का?
(निवृत्त शिक्षक, देवळा)

उत्तर : चुकलंय, सर. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. अकरावीतली मुलगी, दोन मोठ्या फिट येऊन गेलेल्या. आईला विचारलं, वडिलांना विचारलं, सगळं लिहून घेतलं. इइजी त्या दिवशी स्वच्छ निघाला. मी कार्बामाझेपिन सुरू केलं. उत्तम औषध आहे, कित्येकांना लागू पडतं.

तीन महिन्यांनी मायलेकी परत आल्या. आई म्हणाली, ‘मोठी फिट नाही आली, पण हिच्या हातात सकाळी काही राहत नाही. कपबशांचा अख्खा सेट संपला.’ वडील मुलीला वेंधळी म्हणायचे. मी पेन खाली ठेवलं. हे पहिल्यापासून होतं का? मुलगी म्हणाली, ‘होतं, पण एवढं नव्हतं. सकाळी उठल्यावर खांद्यातून हिसका बसतो. परीक्षेत जागरण झालं की जास्त.’ मग आधी का नाही सांगितलंस? तिने माझ्याकडे बघितलं. ‘तुम्ही फिटचं विचारलं होतं.’

ते हिसके हीच फिट होती. वयात येताना सुरू होणारा, सकाळच्या हिसक्यांचा अपस्माराचा एक प्रकार आहे. तो पुस्तकात मला तोंडपाठ होता. त्यात कार्बामाझेपिनने हिसके वाढू शकतात, हेही पाठ होतं. पण मी मोठ्या फिटमागे लागले आणि चहाच्या कपाचं विचारलंच नाही. औषध बदललं, हिसके थांबले. दिवाळीनंतर आई एकटीच आली. नवा सेट घेतला होता, त्यातला एक कप माझ्या टेबलावर ठेवला, ‘असू द्या इथं’ म्हणाली आणि गेली. ते आभार होते की टोमणा, मला आजवर कळलेलं नाही. त्या कपात मी पेनं ठेवते. पंधरा ते पंचविशीतला कुणीही समोर बसला की पहिला प्रश्न विचारते, सकाळी चहा सांडतो का?

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे, अंडंसुद्धा शिजत नाही. मुलाला फिट आली. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, डोक्यात डुकराच्या जंताची गाठ आहे. हे कसं शक्य आहे?
(शेतकरी, सिन्नर तालुका)

उत्तर : माउली, शक्य आहे, आणि त्यात मुलाने चोरून काही खाल्लं असा अर्थ नाही. हे पहिल्यांदा सांगते, कारण तुमच्यासारख्या एका घरात यावरून पोराला मार बसलेला मी पाहिलाय.

न शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती घाण पाण्यातून, मातीतून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्यांतून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत जाऊन बसते. म्हणजे मांस खाणारा एक आणि डोक्यात गाठ दुसऱ्याच्या, असंही होतं. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खाताना कुठल्या पाण्यात धुतलंय ते बघा. स्कॅनमध्ये अंगठीसारखं गोल दिसतं. टीबीची गाठही तशीच दिसू शकते, म्हणून डॉक्टर आणखी तपासण्या सांगतील, त्या करा. जंताची गोळी मनाने देऊ नका. अळी मरताना भोवती सूज येते आणि फिट वाढू शकते, म्हणून ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सूज उतरवणाऱ्या औषधाबरोबर देतात. या कारणाने आलेल्या अपस्मारात गाठ विरघळून गोळ्या बंद झालेले पुष्कळ लोक माझ्याकडे आहेत.

प्रश्न : मुलगी चोवीस वर्षांची, तीन वर्षं एकही फिट नाही, गोळ्या चालू आहेत. चांगलं स्थळ आलंय. बहीण म्हणते, सांगू नका, गोळ्या ‘रक्तवाढीच्या’ म्हणून सांगा.
(आई, निफाड)

उत्तर : ताई, बहिणीचं ऐकू नका. एका मुलीने तसंच केलं होतं. गोळ्या रुखवतातल्या डब्यात तळाशी लपवल्या होत्या. लग्नघाईत तीन दिवस गोळी नाही, दोन रात्री झोप नाही, आणि सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगासमोर फिट आली. चिडून नवरा मला म्हणाला, ‘फिटचं मला काही नाही, डब्याचं आहे.’

पूर्वी कायदाच आडवा होता. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे झटके येणाऱ्याचं लग्न अवैध ठरवता येत होतं. १९९९ सालच्या दुरुस्तीने तो शब्द काढला. आता आजार म्हणून लग्न मोडता येत नाही, पण लपवलं तर फसवणूक केली म्हणून लोक कोर्टात जातात.

मुलगी स्वतः हो म्हणाली, तर मुलाला माझ्याकडे घेऊन या. या भेटीचे पैसे मी घेत नाही. एक जण वही घेऊन आला होता, अकरा प्रश्न लिहून. मूल होईल का, त्याला होईल का, वगैरे. दहावा प्रश्न होता, ‘तिला रात्रीच्या शोला नेलं तर चालेल का?’ मी मनात म्हटलं, जमलं. काही स्थळं मोडतात, तेही सांगायला हवं. माझ्या खोलीतून उठून गेलेले आहेत.

आणखी एक, आणि हे लग्नाच्या बोलणीआधी करा. मुलीची गोळी व्हॅल्प्रोएट आहे का ते चिठ्ठीवर बघा. गरोदरपणात ती घेतली तर १०० पैकी १० च्या आसपास बाळांत व्यंग येतं, आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. दुसरी सुरक्षित औषधं आहेत, पण बदल सावकाश आणि वेळेत करावा लागतो. मनाने बंद करायची नाही. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून लागतं. अपस्मार असलेल्या बहुसंख्य बायकांची बाळं ठणठणीत असतात. माझ्या भिंतीवरच्या फोटोंत आता जागा उरलेली नाही.

प्रश्न : अंबडला कंपनीत प्रेस मशीनवर आहे. दोन वर्षं फिट नाही. बाइक चालवली तर चालेल का? कंपनीला सांगू का?
(कामगार, सिडको)

उत्तर : दादा, लायसन्ससाठी भरायच्या फॉर्म एकमध्ये पहिलाच प्रश्न अपस्माराचा आहे. ब्रिटनमध्ये बारा महिने फिट नसेल तर कार चालवू देतात. आपल्याकडे अशी मुदत ठरवलेली नाही, त्यामुळे ‘चालवा’ असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्ही माझ्यावर चिडाल, सगळेच चिडतात.

कंपनीचं मात्र मी लिहून देते. प्रेस, शिडी आणि रात्रपाळी सोडून बाकी सगळं काम हा माणूस करू शकतो, असं. आजाराचं नाव मोठं आणि बाकी काही नाही, असं पत्र दिलं की नोकरी जाते. काय करू शकतो ते आधी लिहिलं की पॅकिंगला किंवा स्टोअरला बदली होते. निदान निम्म्या वेळा तरी.

प्रश्न : पेठच्या गाडीत एका पॅसेंजरला फिट आली. लोकांनी कांदा फोडून नाकाला लावला, चमचा दातात घातला. बरा झाला. मग डॉक्टर कांद्याला नावं का ठेवतात?
(एसटी कंडक्टर, नाशिक)

उत्तर : लासलगाव शेजारी असल्याचा हा एक तोटा. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते. कांदा शोधून, फोडून नाकाशी नेईपर्यंत तेवढाच वेळ जातो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. चपलेचंही तसंच. चमच्याने दात तुटलेले मी पाहिलेत. कुशीवर वळवा, कॉलर सैल करा, डोक्याखाली तुमची बॅग द्या आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर गाडी थेट दवाखान्यात. तिकिटांचा हिशेब नंतर.

प्रश्न : तीन डॉक्टर, पाच गोळ्या झाल्या. महिन्याला चार फिट आहेतच. आता किती बदलायचं?
(दुकानदार, सटाणा)

उत्तर : आता बदलायचं नाही, तपासायचं. योग्य निवडलेल्या दोन औषधांनी, पुरेशा डोसमध्ये फिट थांबली नाही, तर तिसऱ्या-चौथ्याने थांबण्याची आशा फार थोडी राहते. अशा वेळी शस्त्रक्रिया होऊ शकते का ते बघायला हवं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम १९९५ पासून चालू आहे. मी फेलोशिप तिथेच केली. २००१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ८० रुग्णांवर तुलना प्रसिद्ध केली, कानशिलामागच्या भागातून फिट येणाऱ्यांवर. वर्षभराने, शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के लोक शुद्ध हरपणाऱ्या फिटमधून मोकळे झाले होते, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. वर ज्या सुनेचं सांगितलं ती तिकडे जाऊन आली. सासूबाई बरोबर गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनाही त्यांनी करून दाखवलं म्हणे, भाषेची अडचण आली नाही.

येताना सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणा, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही. चिठ्ठीत लिहिलेलं आणि पोटात गेलेलं यांत फरक असतो.

प्रश्न : डॉक्टर, मी एकवीस वर्षांचा, जुन्या नाशकातला. वर्षभर फिट नाही. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा, म्हणजे उडी, मारू का? आई नाही म्हणते.
(विद्यार्थी, तिवंधा)

उत्तर : आई बरोबर आहे. त्या गर्दीत, त्या रंगाच्या पाण्यात तू तळाला गेलास तर वरून दिसायचासुद्धा नाहीस, आणि तुझ्या अंगावर पुढचा उडी मारेल. काठावर उभा राहा, बादलीने रंग घे, जितका हवा तितका. आदल्या रात्री झोप काढ आणि गोळी चुकवू नकोस. पोहायचंच असेल तर एरवी तलावावर जा, पोहता येणारा आणि तुझा आजार माहीत असलेला मित्र बरोबर घेऊन.